मागच्या खोलीची लादी

डेलरॉयने फेकलेला हातोडा जॅकलिनच्या कानाला चाटून गेला आणि जमिनीवर आपटला. सिमेंटच्या कोब्याचा मोठा टवका उडाला.

"पुढच्या टायमाला नेम नाय चुकणार," तो म्हणाला. मग केस धरून त्याने तिचं तोंड बाकावर आदळलं. ओठ फाटला. गुन्हा एवढाच, की मागच्या खोलीतल्या त्याच्या सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये ती थंड चहा घेऊन आली होती.

दारात तिची सासू बेटी उभी होती. तिने सुनेच्या ओठाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"जमीन पार गेली रे," ती म्हणाली. "करवतीची मशीनपण हलते. नवीन लादी घालू."

"तूच बघ, ममा. मजबूत पायजे. हिला अक्कल नाय."

जॅकलिनला नवऱ्यापेक्षा या बाईचीच जास्त चीड यायची. मारहाण सुरू झाली की बेटी टीव्हीचा आवाज वाढवायची, मरोळ गावठाणात बोभाटा नको म्हणून. जॅकलिन दोनदा वसईला माहेरी पळाली, दोनदा त्याने फरफटत परत आणली. आपण याच खोलीत मरणार, हे तिला कळून चुकलं होतं.

खोलीने आधी एक बळी घेतलाच होता. सासरा ह्युबर्ट इथेच चालू करवतीवर पडून गेला. चक्कर आली, असं सगळं गावठाण सांगतं. डेलरॉय तेव्हा पाळण्यात होता. बेटीने महिन्याच्या आत तिथली लादी उपटून कोबा करून घेतला. तिला ती बघवत नव्हती म्हणे.

दुसऱ्या दिवशी दोघी साकीनाक्याला लादीच्या दुकानात गेल्या. जॅकलिनने सुजलेला ओठ ओढणीत लपवला होता.

"वर्कशॉपला खरबरीत कोटा लादी घ्या, आंटी," दुकानदार भीमराज म्हणाला. "हातोडा पडू दे, मशीन ठेवा, काही होत नाही."

बेटी एका पांढऱ्या, चकचकीत लादीवरून हात फिरवत होती. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकडी होती. कधी मोडली ते जॅकलिनने विचारलं नव्हतं.

"आणि ही?"

"ती हॉलसाठी. मजबूत आहे, पण गुळगुळीत."

बेटीने पर्समधून पुडी काढली. घरून आणलेला लाकडाचा भुसा तिने त्या लादीवर भुरभुरला आणि वर चप्पल ठेवली. पाय सर्रकन घसरला. भीमराजने धरलं म्हणून वाचली.

"बघितलंत? माणूस थेट मशीनवर जाईल. अजिबात घेऊ नका!"

पोरासाठी केवढा हा जीव! त्यातला कणभर आपल्या वाट्याला आला असता तर, असं वाटून जॅकलिनचे डोळे भरून आले. तरीही ती मनापासून म्हणाली, "कोटाच घेऊ, ममा. तो पडला-बिडला तर..."

भीमराज दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. बेटीने रुमालाने आधी लादीवरचा भुसा पुसला. मग पहिल्यांदाच सुनेच्या हनुवटीला हात लावला, ओढणी बाजूला केली आणि ओठावर पुन्हा आलेलं रक्त हलकेच टिपलं.

"ही पांढरीच घ्यायची, गो," ती हळू आवाजात म्हणाली. "तुझ्या सासऱ्याच्या टायमालापण मी अशीच घेतलेली."