निंबाखालची जीप

जमिनीवर उताणा पडलेला सुखदेव हसू दाबत होता. मान हलू नये म्हणून श्रीकांत त्याच्या कानांशी सरकीची छोटी पोती लावत होता, आणि सुखदेवला गुदगुल्या होत होत्या.

"छतावरून पडलेला माणूस हसत नसतो," श्रीकांत म्हणाला.

"मंग कवडूले पाडा, जवाईबापू. तो तसाबी कधी हासत नाही."

कवडूसकट सगळे कामगार हसले आणि पुन्हा सरावाला लागले.

सौंसरची ही कापसाची जिन, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, श्रीकांतचे सासरे पुंडलिकराव यांची. नागपूरहून बी.एस्सी. झालेल्या जावयाला त्यांनी यंत्रांच्या देखरेखीवर ठेवलं होतं. छताला सिमेंटचे पत्रे. पाय चुकला की माणूस थेट खाली. कोणी पडलं की इथली रीत ठरलेली: बगलेत हात घालून उठवायचं, पाणी पाजायचं आणि चालवायचं, म्हणजे अंग आखडत नाही. पांढुर्ण्याकडच्या एका जिनमध्ये असा चालवलेला माणूस पुढे कधीच चालला नाही. चौकशी झाली, आणि ऐन हंगामात ती जिन बंद पडली.

आपल्याकडे पडणारा माणूस पुन्हा स्वतःच्या पायांवर उभा राहावा, एवढंच श्रीकांतला हवं होतं. त्याने एक जुनं दार काढून घेतलं. मान धरायची, जखमीला दारावर सरकवायचं, पट्ट्यांनी बांधायचं. मला काही झालं नाही, असं तो म्हणाला तरी ऐकायचं नाही. डोक्याला मार लागलेला माणूस काहीही बोलतो.

पट्ट्या त्याच्या बायकोने, अनुराधाने, शिवून दिल्या. वडिलांची समजूतही तिनेच घातली. पुंडलिकरावांनी एवढंच सुचवलं, की जखमीला फाटकाबाहेर निंबाखाली न्यावं. जीप तिथे येईल, आत तिला वळायला जागा नाही. श्रीकांतला ते पटलं. सराव रोज निंबापर्यंत होऊ लागला.

थंडीत वाऱ्याने एक पत्रा सैल केला. सकाळी चहा घेताना श्रीकांतने अनुराधाला सांगितलं, की आज छतावर चढून पाहतो. पत्र्यावर फळी टाकल्याशिवाय पाय ठेवू नका, असं तिने बजावलं.

त्याने फळी टाकली होती. फळीखालचाच पत्रा फुटला.

खाली आल्यावर श्रीकांतला पहिली गोष्ट कळली ती ही, की आपल्याला कोणी उठवत नाहीये. सुखदेवचे हात त्याच्या कानांशी घट्ट होते. कोणी पाणी आणलं नाही, कोणी गलका केला नाही. दार आलं, पट्ट्या आवळल्या गेल्या. कमरेखाली काहीच जाणवत नव्हतं, तरी त्याला या माणसांचा अभिमान वाटला.

निंबाखाली त्यांनी दार खाली ठेवलं. जीप तिथे नव्हती. ती थोड्या वेळाने फाटकाच्या आतून आली, आरामात वळण घेऊन. पुढे पुंडलिकराव बसले होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कुठून पडले.

"जिनच्या छतावरून," श्रीकांत म्हणाला.

सुखदेवने मान खाली घातली. "डोक्याले मार हाय जी. कायबी बोलून राहिले. आमाले त ते फाटकाबाहेर निंबाखाली पडलेले दिसले."

कवडूने होकार भरला. पुंडलिकराव खिडकीतून बाहेर पाहत होते. हंगाम जोरात होता. रस्त्यावर कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती.

डॉक्टर श्रीकांतकडे पाहीनात. तो पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिला, आणि जितकं सांगेल तितकं ते बरळणं वाटू लागलं.

तेवढ्यात अनुराधा आली, धावत, चप्पल न घालता. श्रीकांतच्या छातीवरचं ओझं उतरलं.

"अनु, यांना सांग. सकाळी मी तुला काय म्हणालो होतो?"

तिने पदराने त्याचं कपाळ पुसलं. त्याचा हात हातात घेतला. एकदा वडिलांकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे.

"निंबावर चढतो म्हणाले होते," ती म्हणाली. "दातणाच्या काड्या तोडायला."