स्वच्छ पाय

"कुत्रा कुणाचा?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझा," थोरली जाऊ म्हणाली. पिल्लू असताना तिनेच तर त्याला घरी आणलं होतं, ढोल्या हे नावही तिचंच. आता त्याच ढोल्याच्या बरगड्या दिसत होत्या. धाकटी जाऊ त्याचं डोकं धरून टेबलाशी उभी होती, तेही थोरलीला खुपत होतं. हिला धरायला सांगितलं कुणी?

"शी कशी होते?"

"चांगली होते की."

"काळी होते, ताई. डांबरासारखी चिकट," धाकटी हळूच म्हणाली आणि पिशवीतून झाकणाची डबी काढली. "सकाळचीच आहे, डॉक्टर."

थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "हीच चारते हो त्याला काहीबाही, माझ्या माघारी. म्हणून तर मेला माझ्याकडे फिरकत नाही."

डॉक्टरांनी ढोल्याचा ओठ वर करून पाहिला. हिरड्या पांढऱ्याफटक होत्या. डबी घेऊन ते आतल्या खोलीत गेले, मायक्रोस्कोपला डोळा लावून बराच वेळ बसले आणि परत आले.

"खाण्याचा दोष नाही. हुकवर्म आहेत. आतड्याला चिकटून रक्त पितात हे जंत. त्यांची अंडी दिसली. आज एक डोस देतो, दोन आठवड्यांनी परत आणा. रक्तवाढीचं औषध रोज द्या. आणखी उशीर झाला असता तर हाती लागला नसता."

म्हणजे वाचवला कुणी, तर हिने! ढोल्या जगणार याचा थोरलीला आनंद व्हायला हवा होता. झाला तो नुसता जळफळाट.

"आणि शी लगेच उचलायची," डॉक्टर म्हणाले. "या जंतांच्या अळ्या मातीतून माणसाच्याही कातडीत शिरतात. घरात कुणाच्या पायावर लाल, नागमोडी रेघ उठलीय? खूप खाजणारी?"

"छे हो. आमचं घर अगदी स्वच्छ असतं."

धाकटीने पाय मागे ओढला. पण डॉक्टरांनी तो पाहिला होता. घोट्यापासून बोटांपर्यंत रेघ वळवळत गेली होती.

"याच्याजवळ अनवाणी बसता?"

"मागच्या अंगणात. दुपारी याला एकट्याला झोप येत नाही."

दुपारी थोरली आपल्या खोलीत पंखा लावून झोपलेली असे. ढोल्याला झोप येते की नाही, हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

"त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, बरं होईल," डॉक्टर धाकटीला म्हणाले. मग त्यांनी वाकून थोरलीचे पाय पाहिले. घासलेल्या टाचा, रंगवलेली नखं. "तुम्हाला काहीच नाही. नशीबवान आहात."

परतताना ढोल्या गाडीत धाकटीच्या मांडीवर डोकं टाकून झोपला. धाकटी एका पायाने दुसरा पाय चोळत होती. थोरली खिडकीबाहेर बघत राहिली.

थोड्या वेळाने ती खाली वाकली आणि आपला धडधाकट पाय कराकरा खाजवू लागली.