घरात कमावतं कोण?

"घरात कमावतं कोण?" कॉलेजच्या कचेरीत शिष्यवृत्तीच्या खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं.

"हिची आई," मुलीसोबत आलेला वेल्डर घाईघाईने म्हणाला. "इस्पितळात चादरी धुते. बाकी कोणी नाही."

ठरलं होतं तसंच तो बोलला. मुलीने मान खाली घातली. आईच्या एकटीच्या पगारावर शिष्यवृत्ती पक्की होती. त्यात त्याची, म्हणजे सावत्र बापाची, मजुरी मिळवली, की घराचं उत्पन्न मर्यादेच्या जरासं वर जात होतं. जरासंच, पण वर म्हणजे वर. आईने हे दुसरं लग्न केलं तेव्हापासून कागदोपत्री त्याचं नाव कुठे लागलंच नव्हतं. तोडगा त्यानेच काढला होता. "मला वगळा. मी घरात नाहीच असं समजा."

"आणि तुम्ही कोण?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"मी होय? शेजारी. पोरगी एकटी कशी येणार, म्हणून सोबत आलो."

"शेजारी? आणि तिची सगळी प्रमाणपत्रं अशी छातीशी धरून उभे?"

रांगेत कोणीतरी हसलं. वेल्डरने गडबडून प्रमाणपत्रांची पिशवी खिडकीत ठेवली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे बघ बाळ, उत्पन्न लपवलं आणि उद्या उघडकीला आलं, तर प्रवेशही जाईल. म्हणून मी यांना नाही, तुला विचारतेय. घरात आणखी कोण राहतं?"

'कोणी नाही' एवढंच म्हणायचं होतं. मुलीने चोरून बाजूला पाहिलं. तो एक पाऊल मागे सरकून, अंग चोरून उभा होता. शेजाऱ्यासारखा. घरातही तो असाच वावरायचा, तिच्या पुस्तकांना धक्का लागू नये म्हणून भिंतीच्या कडेकडेने. ती त्याला कशानेच हाक मारत नसे.

"हे राहतात," ती म्हणाली.

"ती घाबरलीय हो, तिला काही..."

"वडील आहेत माझे. वेल्डिंग करतात. त्यांचीही कमाई लिहा."

बाईंनी लिहिलं, बेरीज केली. मग हळूच मान हलवली. "नाही बसत, बाळ. फीचे हप्ते पाडून देता येतील. तेवढं करते मी."

दोघं जिना उतरले. फाटकाबाहेर पाऊल पडलं आणि त्याचा संयम सुटला.

"अक्कल गहाण टाकलीस का? एक 'नाही' म्हणायला काय जीभ झडली होती? हातातोंडाशी आलेलं घालवलंस!"

"मी सुट्टीत काम करीन."

"काम करणार म्हणे! गुपचूप अभ्यास करायचा. हप्त्यांचं मी बघतो, जास्तीच्या पाळ्या घेईन. आणि पुन्हा असला शहाणपणा केलास ना, तर कान उपटीन, सांगून ठेवतो!"

येणारेजाणारे थबकले. एक म्हातारी काठी टेकत मध्ये पडली. "अहो, भर रस्त्यात कोणाच्या पोरीवर ओरडताय?"

"कोणाच्या म्हणजे?" तो तिच्यावरही खेकसला. "माझ्या!"

आणि मुलीकडे वळून राहिलेलं बोलणं पुरं करायला लागला.