चौघांची वाट

"काढ वाट," कमळ म्हणाली.

माले गावाजवळच्या त्या प्लॉटिंगच्या ऑफिसात ती सकाळपासून ठाण मांडून होती. तिच्या वाडीत माणूस गेलं की खाली ओढ्याकाठी नेऊन पुरतात. तिकडे जायची वाट आता प्लॉटांच्या मधोमध आली होती, आणि उद्या नकाशाबरहुकूम भिंतीची आखणी होणार होती. "म्हातारीला काहीतरी दाखव आणि घालव," एवढं नकाशे काढणाऱ्या अनिमेषला सांगून मालक दादासाहेब पुण्याला निघून गेले होते.

अनिमेषने लॅपटॉपवर नकाशा उघडला. कडेकडेने एक बारीक रेघ ओढली.

"एवढीशी?"

"माणूस आरामात जाईल, मावशी."

"मढ्याला चौघं लागत्यात. रुंद कर. अन् जांभळीखाली जागा सोड. तितं इसावा हाय, खांदं बदलत्यात."

त्याने रुंद केली, विसावाही काढला. काढायला काय जातंय! मग फाइल मिटताना एक चौकट उगवली. त्याने न वाचताच बटण दाबलं.

"झालं, मावशी. या आता."

"परत उघड. बघू दे."

उघडावं लागलं. प्लॉट होते, भिंत होती. वाट नव्हती. अनिमेषचे कान तापले.

कमळने आरडाओरडा केला नाही. त्यासाठी ती डोंगर उतरून आलीच नव्हती. खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "काढ."

त्याने सगळं पुन्हा काढलं. मिटायला गेला तर तीच चौकट. कमळने आपला खरबरीत पंजा त्याच्या हातावर ठेवला.

"मगाशी बी हेच आलं हुतं. काय इचारतंय? मोठ्यानं वाच."

इंग्रजी होतं. काहीही सांगून वेळ मारून नेता आली असती. पण तो पंजा हलेना.

"विचारतंय... तुम्ही केलेले बदल सेव्ह केलेले नाहीत. ते जातील. चालेल का?"

"मिशीन बी इचारतंय बघ," कमळ म्हणाली. "तुमी कुनी इचारलं न्हाई. नवरा हाय माजा तितं. न्हाई चालत म्हणावं."

त्याने सेव्ह केलं. बंद करून, पुन्हा उघडून दाखवलं. वाट जागेवर होती, विसाव्यासकट. कमळ उठली, पदर सावरून दारापर्यंत गेली.

"मावशी," अनिमेषला राहवेना. "दादासाहेब संध्याकाळी येतील. मला पुसायला लावतील."

कमळ माघारी आली आणि पुन्हा त्याच खुर्चीत बसली.

"येऊ दे. त्यास्नी बी वाचून दाव. मोठ्यानं."