बायांचा रोज

शाळेच्या बागेतली खुरपणी संपली, तेव्हा मुलामुलींच्या हातांना सारखीच माती लागली होती. डुबेबाईंनी राजगिऱ्याच्या लाडवांचं ताट मांडलं. मुलांना दोन-दोन दिले, मुलींना एकेक. आज शेतमजुरांच्या लढ्याचा धडा शिकवायचा होता. त्याआधी मुली किती वेळात भांडायला उठतात, याचं बाईंना कुतूहल होतं.

एकही मुलगी उठली नाही. सगळ्या निमूट खायला लागल्या.

"कुणालाच काही वाटत नाही?" शेवटी बाईंनीच विचारलं.

"त्यात काय वाटायचं? बायांचा रोज निम्माच असतो," मैना म्हणाली. तिची आई लोकांच्या रानात खुरपायला जायची. "पण बाई, तुमचा पगार सरांच्या निम्मा असतो का?"

"नाही गं, सारखाच."

"सारखा कुणी केला?"

"शाळेतल्या आधीच्या बायांनी. निम्मा घेणार नाही म्हणाल्या."

 मैना उठली आणि हातातला लाडू ताटात परत ठेवून आली.

शेजारी बसलेल्या मुलीचा घास तोंडातच राहिला. तिनं आपला उष्टा, अर्धा लाडू मैनाच्या लाडवाशेजारी नेऊन ठेवला.