ठकुबाई, पाने ४१ ते ४४

निगडीच्या फ्लॅटमध्ये दुपारी एकटीच बसून विजयश्री निघोजे नावाच्या गावावरच्या पुस्तकाची शब्दसूची करत होती. पुस्तक गोरक्षने लिहिलेलं, आणि संध्याकाळी ते छपाईला जायचं होतं.

त्याच्या ठकुबाई काकीची हकीकत चार पानांची. विजयश्रीने संगणकावर ती पानं निवडून त्यांना बुकमार्क, म्हणजे पानांची खूण, दिला आणि सूची अपडेट केली. 'ठकुबाई, ४१–४४' असं यायला हवं होतं. आलं ४१–५८.

तिने बुकमार्क पुसून नव्याने दिला. आता ४१–८३. चव्वेचाळीसच्या पुढे तर नुसती गावात आलेल्या कंपन्यांची माहिती होती. काकीचं नावसुद्धा नव्हतं.

तिने गोरक्षला फोन लावला. "काकींबद्दल पुढे आणखी काही आहे का हो?"

"न्हाई ताई. चव्वेचाळिसाव्या पानावर ती वारली. तिथंच थांबवा."

फोन कानाशी धरूनच तिने पुन्हा अपडेट केलं. ४१–९६. शहाण्णव म्हणजे शेवटचं पान. त्यावर फक्त सूची करणारीचं, म्हणजे तिचंच नाव होतं आणि खाली याच फ्लॅटचा पत्ता.

"हॅलो," ती म्हणाली.

"ताई," तो हळूच म्हणाला, "तुमच्या मागनं काकीचा आवाज कसा काय येतोय?"