आधी गाणं, मग पाणी

"वॉबेकाका, घड्याळ बघा! गाण्याआधी गाडी फिरली पाहिजे, वेळापत्रकाच्या कागदावर तसंच लिहिलंय!" रिन्स्के कठड्यावरून ओरडली. विद्यापीठातली ही पोर हिवाळाभर बर्फाचं घर्षण मोजत होती.

वॉबेने बर्फ गुळगुळीत करणाऱ्या गाडीची किल्ली खिशातच ठेवली. तीस वर्षं नेदरलँड्समधल्या फ्रिसलंडच्या या स्केटिंग-रिंगणाचा बर्फ त्याच्या हाती होता. गावच्या फ्राउक्येला आज पाच हजार मीटर सात मिनिटांच्या आत कापायचे होते. नाहीतर ऑलिंपिकचं दार बंद.

"कागदाला म्हणावं, गाऊन दाखव."

"थट्टा पुरे, काका. बर्फ उणे सातावर आहे, याहून निसरडा होत नाही. तो तुम्ही वाया घालवताय. त्यापेक्षा गाणंच रद्द करायला सांगते."

"सांग की. मग फ्राउक्येची आजी तुलाच रद्द करेल. गाण्यानंतरची दहा मिनिटं मी पंचांकडून सकाळीच मागून घेतलीत."

चार हजार माणसं उभी राहिली. शेवटच्या शर्यतीआधी दरवर्षी म्हणायचं स्तोत्र घुमू लागलं. वॉबेने टोपी काढली, डोळे मिटले आणि चर्चमध्ये धरावा तसा खालचा सूर धरला. शेवटचं कडवं तर त्याने दोनदा म्हटलं.

मग तो गुडघ्यावर बसला आणि त्याने बर्फावर नख ओढलं. नखात पांढरी भुकटी आली.

रिन्स्केने आपलं यंत्र टेकवलं. घर्षणाचा आकडा वाढला होता; तिने ते पुसून पुन्हा टेकवलं.

"एवढ्यांचा श्वास," वॉबे म्हणाला. "गोठून बसलाय. पात्याखाली नुसती वाळू."

"मी सगळी मापं रिकाम्या सभागृहात घेतली, काका."

"ठाऊक आहे. म्हणून तर तुझे आकडे इतके नीटनेटके!"

त्याने गाडी सुरू केली. गरम पाण्याच्या पातळ थराखाली पांढुरकेपणा पुसला गेला आणि मागे काळाभोर आरसा गोठत राहिला.

फ्राउक्ये सुटली. पाती करकरली नाहीत, फक्त सळसळली. बारा फेऱ्या आणि वर थोडं. सहा मिनिटं अठ्ठावन्न सेकंद.

सभागृह पुन्हा उठलं, पुन्हा तेच स्तोत्र.

"काका, परत थर बसेल!"

"बसू दे. आता काय घाई आहे?"

रिन्स्केने यंत्र पेटीत ठेवलं, झाकण लावलं. दुसऱ्या ओळीला तिच्याही तोंडातून वाफ निघत होती.